पांच दिवसांचें युद्ध आणि सहावा दिवस



१३ जून २०२५ रोजीं इस्राएलच्या विमानांनीं इराणवर हल्ला चढविला, आणि नऊ दिवसांनीं अमेरिकेनें फोर्दो, नतांझ व इस्फहान येथील अणुकेंद्रांवर प्रचंड हल्ला केला. कारण असें सांगण्यांत आलें कीं, इराण अण्वस्त्र तयार करण्याच्या बेतांत आहे. तें एकदां त्याच्या हातीं पडलें म्हणजे मग त्याला आवरणें कोणाच्याच स्वाधीनचें राहणार नाहीं. त्या आठवड्यांत आमच्या परंड्याच्या पारावर या प्रश्नाचा मोठा खल झाला. एक पक्ष म्हणे, साप फणा काढण्यापूर्वींच ठेचावा. दुसरा म्हणे, ज्यानें अजून डंख केला नाहीं त्याला ठेचण्याचा अधिकार तुम्हांला कोणीं दिला? मी दोन्ही पक्षांचें ऐकत बसलों होतों. मी कांहीं इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून तालुक्यांतल्या शाळांतून पस्तीस वर्षें मुलांना शिकविलेला एक सेवानिवृत्त मास्तर. परंतु ऐकतां ऐकतां माझ्या मनांत असें आलें कीं, हा वाद जेथें चालला आहे तेथून किल्ला फार दूर नाहीं, आणि या किल्ल्याच्या आसमंतांत हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनीं तीन वेळां येऊन गेला आहे. त्यांपैकीं दोहोंविषयीं थोडक्यांत, आणि तिसऱ्याविषयीं कांहीं अधिक विस्तारानें आज बोलावयाचें योजिलें आहे.

पहिली गोष्ट तोफेची. सभा गाजविणाऱ्या वक्त्याला आपण 'मुलूखमैदान तोफ' म्हणतों. त्या नांवाची खरी तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे, परंतु ती मूळची विजापूरची नव्हे हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ती १५४९ सालीं अहमदनगरला, बुऱ्हाण निजामशहाच्या अमदानींत, एका रूमी म्हणजे तुर्की ओताऱ्यानें ओतली. लांबी चौदा फुटांहून अधिक, घेराचा व्यास सुमारें पांच फूट, वजन पंचावन्न टनांच्या घरांत. आणि तोंड असें घडविलेलें कीं, एक विक्राळ श्वापद हत्तीला गिळीत आहे. ही तोफ पुढें परंड्याच्या किल्ल्यांत आली. १६०० सालीं मोगलांनीं अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरनें दुसऱ्या मूर्तजा निजामशहाला गादीवर बसविलें, तेव्हां कांहीं काळ परंडा हीच निजामशाहीची राजधानी होती. १६३२ सालीं विजापूरकरांच्या मुरार जगदेवानें ती तोफ येथून विजापूरला नेली. तिला ओढण्यास चारशें बैल, दहा हत्ती आणि शेंकडों माणसें लागलीं असें परंपरा सांगते. ज्यांनीं तिची वाट पाहिली असेल, त्यांना हा आंकडा फुगविलेला वाटणार नाहीं.

या तोफेनें किती शत्रु मारले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं. तिचा उपयोग उडण्यांत नव्हता. ती आहे, या वार्तेंत होता. या एका बाबतींत ती आजच्या अण्वस्त्राची पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं. परंतु ती पदरीं असूनही निजामशाही तगली नाहीं. १६३६ सालीं ती बुडालीच. आणि तोफ निघून गेल्यावरही, १६३४ सालीं, शहाजादा शुजा परंड्याला वेढा घालून बसला व हात हलवीत परत गेला. शस्त्राची भीति आणि शस्त्राचें सामर्थ्य हीं दोन वेगवेगळीं मापें आहेत, एवढें या गोष्टीवरून ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट खर्ड्याच्या लढाईची. खर्डा परंड्याच्या उत्तरेस, एका दिवसाच्या वाटेवर. निजाम अलीकडे चौथाईची मोठी बाकी थकलेली होती. त्याच्या पदरीं रेमंड नांवाच्या फ्रेंच सेनानीच्या हाताखालीं कवायती पलटणी वाढत होत्या. आणि त्याचा दिवाण पुण्याविषयीं उद्दाम भाषा बोलत होता. नाना फडणविसांनीं शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन अशा सर्वांना एकत्र आणिलें आणि ११ मार्च १७९५ रोजीं निजामाचा मोड केला. तहांत दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख, तीन कोट रुपये आणि तो दिवाणही हातीं आला. पण त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सवाई माधवराव वारले. गादीच्या घोळांत नानांनाच निजामाच्या मदतीची गरज पडली. आणि १७९६ च्या महाडच्या तहानें खर्ड्याची कमाई बहुतेक परत करावी लागली. मराठी राज्याच्या सर्व सरदारांनीं मिळून जिंकलेली ती शेवटची लढाई, आणि तिचें फळ दोन वर्षेंही टिकलें नाहीं. शाळेंत खर्ड्याचा धडा विजयाशीं संपतो. महाडचा तह मुलांना कोणी विचारीत नाहीं.

आतां तिसरी गोष्ट. ती सांगतांना मला जरा जपून बोलावें लागेल, कारण तिच्यांतलीं माणसें माझ्या वडिलांच्या ओळखीचीं होतीं.

परंडा तेव्हां निजामाच्या राज्यांत, उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. तालुक्याची शीव ओलांडली कीं बार्शी, माढा, करमाळा हे मुंबई प्रांतांतले तालुके. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं बार्शीला तिरंगा चढला. परंड्याला तो चढविणें हा अपराध होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनीं हिंदुस्थानांत सामील होण्याचें नाकारलें होतें. राज्य ब्याऐंशीं हजार चौरस मैलांचें, वस्ती दीड कोटीहून अधिक, आणि तींत शेंकडा पंच्याऐंशींच्या आसपास हिंदु. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं उभयपक्षीं एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. करार होतो न होतो तोंच दोन्ही बाजूंनीं तक्रारी सुरू झाल्या. हैदराबादनें पाकिस्तानला वीस कोट रुपयांचें कर्ज दिलें आणि आपल्या मुलखांत हिंदी चलनावर बंधनें घातलीं, ही दिल्लीची तक्रार. हिंदुस्थाननें माल अडवून आमची आर्थिक नाकेबंदी चालविली आहे, ही हैदराबादची.

याच सुमारास कासीम रझवी या लातूरच्या वकिलाच्या हातांत इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना आणि तिचे रझाकार होते. लातूर त्या काळीं आमच्याच जिल्ह्यांत मोडे. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर असफजाही झेंडा लावण्याची भाषा हा गृहस्थ जाहीर सभांतून करीत असे. भाषा ती भाषा. परंतु खेडोपाडीं जें चाललें होतें तें भाषेपुरतें नव्हतें. घरें जळत होतीं, बाजार लुटले जात होते, माणसें मारलीं जात होतीं. आमचे आजोबा १९४८ च्या उन्हाळ्यांत बैलगाडींत धान्याचीं दोन पोतीं, एक तान्हें मूल आणि म्हातारी आई घालून रातोरात बार्शीकडे निघून गेले. सीमेवर स्टेट काँग्रेसचीं शिबिरें होतीं; तेथील तरुण बंदुका घेऊन अलीकडे येत व करोडगिरीचीं नाकीं जाळून परत जात. जुलैमध्यें बार्शी-सोलापूर रस्त्यावरील नान्नजपाशीं हिंदी सैन्याच्या तुकडीवर गोळीबार झाला, आणि सैन्यानें तें गांव ताब्यांत घेतलें. म्हणजे सप्टेंबरपूर्वींच सीमेवर एक प्रकारचें युद्ध चालू होतें.

आणि आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊं, तो शस्त्रांचा. निजामाचें सैन्य वीस-बावीस हजारांचें. त्यांत खरें कवायती त्याहून पुष्कळ कमी. तोफा-रणगाडे मोजकेच. ही उणीव भरून काढण्यासाठीं सिडने कॉटन नांवाच्या एका ऑस्ट्रेलियन वैमानिकाला गांठण्यांत आलें. तो लँकास्टर जातीच्या बाँबफेकी विमानांवरून बनविलेलीं मालवाहू विमानें घेऊन कराचीहून बिदर, वरंगळ या बाजूला रात्रींच्या अंधारांत बंदुका व दारूगोळा उतरवूं लागला. दिल्लीला याचा सुगावा होता. प्रत्येक रात्रीबरोबर हैदराबाद थोडें अधिक बळकट होत आहे, असें जे मोजीत होते त्यांना एकेक दिवस जड जाणें स्वाभाविक होतें. हैदराबादकडून विमानें येऊन मुंबईवर बाँब टाकतील, अशीही भीति बोलून दाखविली जात होती. काश्मिरांत आधींच लढाई जुंपलेली. सरदार पटेलांचें मत, विलंब नको. पंडित नेहरूंचें मन शेवटपर्यंत द्विधा. सरसेनापति जनरल बुचर हे इंग्रज गृहस्थ तर स्पष्टच नाखूष. माउंटबॅटन जूनमध्यें मायदेशीं परत जाईपर्यंत वाटाघाटी चालल्या होत्या. शेवटचा मसुदा निजामांनीं फेटाळला. २१ ऑगस्टला हैदराबादनें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे फिर्याद नेली. ११ सप्टेंबरला कराचींत जीना वारले. आणि १३ तारखेच्या पहाटे हिंदी सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्याला लागलें.

पुढची हकीकत मराठवाड्यांतील पोराबाळांना पाठ आहे. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल उडविला जाण्यापूर्वींच हातीं आला. तुळजापूरला कांहीं काळ प्रतिकार झाला. १७ सप्टेंबरला निजामांनीं नभोवाणीवरून शरणागति जाहीर केली, आणि दुसऱ्या दिवशीं जनरल एल एद्रूस यांनीं मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढें रीतसर शस्त्रें ठेवलीं. या सर्व प्रकरणाला 'पोलिस कारवाई' असें सौम्य नांव देण्यांत आलें. ज्या पोलिसांच्या बरोबर रणगाड्यांचा ताफा आणि डोक्यावर लढाऊ विमानें होतीं, ते पोलिस मीं तरी दुसरीकडे कोठें पाहिले नाहींत.

आतां कोणी मला विचारील कीं, मास्तर, ही कारवाई योग्य होती कीं नाहीं? मी निःसंकोचपणें सांगेन कीं योग्य होती. परंतु ती कशासाठीं योग्य होती हें नीट पाहिलें पाहिजे. कराचीहून येणाऱ्या बंदुकांसाठीं म्हणाल, तर त्या बंदुका पांच दिवसही पुरल्या नाहींत. मुंबईवर एकही बाँब पडला नाहीं. दोन लाख रझाकारांची जी वल्गना होती, ती रस्त्यावर रणगाडा दिसतांच विरून गेली. शस्त्राचें भय फुगलेलें होतें, हें मागाहून सर्वांस दिसलें. खरें होतें तें दुसरेंच; जळणारीं घरें खरीं होतीं, बार्शीच्या वाटेवरच्या बैलगाड्या खऱ्या होत्या, आणि शेंकडा पंच्याऐंशीं प्रजेला राज्यकारभारांत स्थान नाहीं हें खरें होतें. उद्यां येऊं शकणाऱ्या शस्त्राच्या धास्तीनें उचललेलें पाऊल आणि आज चाललेला जुलूम थांबविण्यासाठीं उचललेलें पाऊल, हीं रणांगणावर एकसारखींच दिसतात. न्यायाच्या तराजूंत नव्हे.

नुसत्या धास्तीवर उभारलेलीं युद्धें पाहावयाचीं तर जगाच्या इतिहासांत तोटा नाहीं. डेन्मार्कचें आरमार नेपोलियनच्या हातीं पडेल या भयानें इंग्रजांनीं १८०७ सालीं तटस्थ असलेल्या कोपनहेगन शहरावर तोफा डागल्या व आरमार ओढून नेलें. परिणाम असा झाला कीं, जो तटस्थ होता तो डेन्मार्क नेपोलियनला जाऊन मिळाला. ७ जून १९८१ रोजीं इस्राएलनें बगदादजवळील अणुभट्टी उद्ध्वस्त केली. भट्टी गेली, पण इराकचा हव्यास गेला नाहीं. तें काम भूमिगत होऊन वाढलें, आणि १९९१ च्या युद्धानंतर तपासनीस आंत शिरले तेव्हां त्याचा पसारा पाहून जग थक्क झालें. मग २००३ सालीं त्याच इराकवर, त्याच्याजवळ भयंकर शस्त्रें आहेत असें सांगून, अमेरिकेनें स्वारी केली. शस्त्रें सांपडलीं नाहींत. बगदाद तीन आठवड्यांत पडलें, आणि त्यानंतरचीं कित्येक वर्षें तो देश आपल्याच रक्तांत न्हात राहिला.

यावर असा आक्षेप येईल कीं, बंदुकीची गोष्ट वेगळी आणि अण्वस्त्राची वेगळी. बंदुकीची चूक सुधारतां येते, अण्वस्त्राची चूक सुधारावयास कोणी उरत नाहीं. हा आक्षेप मला पूर्णपणें खोडून काढतां येत नाहीं, आणि तसें सोंगही मी आणणार नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, आधीं घाव घालावा असें सांगणारे मुत्सद्दी नेहमीं शत्रूचीं शस्त्रें मोजतात, पूल मोजतात, दिवस मोजतात. आणि त्यांची मोजणी शरणागतीच्या दिवशीं थांबते. १९४८ सालीं आपल्या सेनापतींनीं नळदुर्गच्या पुलाचा विचार केला होता, आणि तो उत्तम केला होता. परंतु १८ सप्टेंबरच्या सकाळीं गांवोगांवच्या चावडींत कोण बसेल, याचा विचार कोणीं केला होता?

कोणींच नव्हे. निजामाचे पोलिस रात्रींतून नाहींसे झाले. रझाकार अंगावरचा गणवेश टाकून पळाले किंवा लपले. ज्यांचीं घरें जळलीं होतीं ते परत येऊं लागले, आणि त्यांच्याबरोबर, ज्यांचें कांहीं जळलें नव्हतें असेही पुष्कळ आले. मग जें झालें त्याचा सूड रझाकारांवर थोडा आणि ज्यांनीं कधीं काठीही उचलली नव्हती अशा विणकर, अत्तार, शेतमजूर मुसलमानांवर फार उगवला. नेहरूंनीं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आदि मंडळींना चौकशीस पाठविलें. त्यांनीं नोव्हेंबरअखेरीपासून डिसेंबर १९४८ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सोळांपैकीं नऊ जिल्ह्यांत हिंडून अहवाल दिला. कमींत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसें त्या काळांत मेलीं, असा त्यांचा अंदाज. सर्वांत अधिक हानि झालेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड, या चारांतच अठरा हजारांहून कमी नव्हे. लातूरांत कत्तल कित्येक दिवस चालली. कांहीं ठिकाणीं सैन्य व पोलिस यांतील माणसांनींही हात माखून घेतले, असें समितीनें लिहिलें. तसेंच हिंदु शेजाऱ्यांनीं जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वांचविल्याचीं उदाहरणेंही तिनें नोंदलीं. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. आंकड्यांविषयीं आजही वाद आहे. अहवाल कित्येक दशकें दप्तरांत पडून राहिला. सामान्य वाचकाला तो अगदीं अलीकडे पाहावयास मिळाला. लढाईंत पडलेल्या हिंदी जवानांची संख्या मात्र शंभराच्या आंत. दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे कळतें कीं, पांच दिवसांचें युद्ध स्वस्तांत पडलें. जें महाग पडलें तें नंतरचें.

यावरून कारवाई करावयासच नको होती, असें मी म्हणत नाहीं. ती न होती तर आमचे आजोबा बार्शीहून परत आले नसते, आणि मी कदाचित् दुसऱ्याच गांवीं मास्तर झालों असतों. परंतु सैन्य आंत पाठविणाऱ्यानें सहाव्या दिवसासाठींही तेवढींच माणसें, तेवढाच शिधा आणि तेवढीच सक्त आज्ञा तयार ठेवावयास हवी होती. जो हें करूं शकत नाहीं, त्यानें शेजाऱ्याच्या घरीं किती बंदुका आल्या हें मोजण्यापूर्वीं स्वतःच्या तयारीचें माप घ्यावें. इराकमध्यें अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्रालाही हें साधलें नाहीं.

दर सतरा सप्टेंबरला आम्ही मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतों. पस्तीस वर्षें मींही झेंड्याजवळ उभा राहून मुलांना नळदुर्गचा पूल, एल एद्रूस यांची शरणागति, स्वामी रामानंद तीर्थांचा त्याग हें सर्व मोठ्या आवाजांत सांगितलें. आणि धडा पांचव्या दिवसाशींच संपविला. पाठ्यपुस्तकांत पुढें कांहीं नव्हतें, ही सबब मला होती. परंतु मला ठाऊक नव्हतें, ही सबब मात्र नव्हती.

नोकरीच्या पहिल्या वर्षीं तालुक्यांतल्या एका खेड्यांत शाळेचें कपाट झाडतांना मला निजामी अमलांतलें एक दाखल-खारीज रजिस्टर सांपडलें. सन फसली १३५७, म्हणजे आपला १९४७-४८ चा काळ. सर्व मजकूर उर्दूंत. मला उर्दू येत नाहीं, म्हणून गांवांतील एका वृद्ध मुसलमान गृहस्थांना मीं तें वाचून दाखविण्याची विनंति केली. त्यांनीं चष्मा पुसला आणि एकेक ओळ वाचीत गेले. उन्हाळ्यापासून कांहीं नांवांवर लाल शाईची रेघ होती. कुलकर्णी, शिंदे, जाधव, माळी. शेऱ्याच्या रकान्यांत प्रत्येकापुढें एकच शब्द: गैरहाजिर. हीं बार्शीच्या वाटेनें गेलेल्यांचीं मुलें. पुढें सप्टेंबर उलटल्यावर पुन्हां तशीच लाल रेघ होती, तेंच अक्षर आणि तोच शब्द. नांवें मात्र शेख, पठाण, मोमीन. वर्षाअखेरच्या पानावर पहिल्या यादींतील बहुतेक मुलें पुन्हां दाखल झालेलीं होतीं. दुसऱ्या यादींतील दोन.

वाचून झाल्यावर त्या गृहस्थांनीं रजिस्टर मिटलें, वरची धूळ हातानें झटकली, आणि तें आतां कोठें ठेवावयाचें म्हणून मला विचारलें. मीं तें जेथें होतें तेथेंच, कपाटाच्या खालच्या कप्प्यांत, ठेवून दिलें.